उजव्या कानाचं लायसन

ठेकेदाराचा सूड घ्यायचा हे मी दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्याच ठरवलं. कसा घ्यायचा ते ठाऊक नव्हतं. डाव्या कानात कापसाचा बोळा कोंबलेला होता, उजव्या कानात सारखा भुंगा घोंगावत होता, आणि समोर आई बसून तोंड हलवत होती. ती काय बोलते ते मला कळत नव्हतं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि लग्न होऊन पाच महिने झाले होते.

आमचं गाव आकुर्डीच्या अंगाला. घरची जिरायत, भाऊ तीन. सातवी फायनल झालो तरी शेतीत सगळ्यांना पुरेल एवढं काम नव्हतं. त्या वर्षांत पिंपरीच्या माळावर मोठं बांधकाम निघालं होतं, त्याला दगड आणि खडी लागे. मोशीच्या बाजूला ठेकेदारानं खाण घेतली होती, तिथे मी कामाला लागलो. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी मुकादमानं तीन शिट्ट्या मारायच्या, लाल फडकं दाखवायचं, माणसं वर आली की मोजायची आणि मग बत्ती द्यायची, असा रिवाज होता. वर्षभर मी त्या शिट्ट्या ऐकल्या. पहिल्या शिट्टीला पहार खाली टाकायची, दुसरीला चढायला लागायचं.

त्या दिवशी बांधकामावरचे इंजिनियर यायचे होते आणि खडीचा ढीग कमी भरला होता. ठेकेदार फटफटीवरून आला. पांढरी पॅन्ट, डोक्यावर सोला हॅट, आणि तोंडावर कायम एक हसू, कुणाला शिव्या देतानाही तसंच. वर कडेला उभा राहून तो मुकादमाशी दोन शब्द बोलला. मी खाली पहारी गोळा करत होतो. पहिली शिट्टी कधी होते याची वाट पाहत होतो, आणि शिट्टीच्या आधी सुरुंग उडाला.

आठ दिवसांनी ठेकेदार दवाखान्यात आला. बरोबर कारकून होता. कारकुनानं माझ्यापुढे एक कागद धरला आणि शाईचा डबा उघडून माझा अंगठा पकडला. मला वाचता येतं हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. मी हात सोडवून घेतला आणि कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं की सदर मजूर जन्मापासून बहिरा आहे, मुकादमाने नियमाप्रमाणे तीन शिट्ट्या वाजवूनही त्यास त्या ऐकू आल्या नाहीत, सबब अपघातास तो स्वतः जबाबदार आहे.

मी अंगठा दिला नाही. कारकुनानं वर पाहिलं. ठेकेदार हसला, खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि काहीतरी बोलला. मग दोघं शेजारच्या खाटेकडे गेले आणि तिथल्या दोन माणसांचे अंगठे साक्षीदार म्हणून घेतले. त्यांनी मला जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

कान गेला तो गेला. खाणीत माणसाचे डोळे जातात, पाय जातात. पण मी ऐकलेलं सगळंच त्यानं त्या कागदावर पुसून टाकलं होतं. गोठ्यातल्या बैलांच्या घंटा, शाळेतले पाढे, लग्नात बायकोनं पाटावर बसून घेतलेला उखाणा, हे मी काही ऐकलंच नव्हतं असं एका ओळीत लिहून तो मोकळा झाला होता.

घरी आलो तेव्हा डावा कान पार मेलेला होता. उजव्यात थोडं यायचं, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसं. गावात पोरंसोरं बहिरट म्हणू लागली. बायकोनं मात्र दोन दिवसांतच माझ्या उजव्या बाजूनं चालायची सवय लावून घेतली. एकदा ती बांधावर म्हणाली, "आता काय करायचं ठरवलंय?"

मी म्हणालो, "त्याला मातीत घालायचं."

"ते घाला. पर आधी कामाला लागा," ती म्हणाली.

पिंपरीच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहत. त्यातल्या एकानं लष्कराच्या लिलावातून जुना ट्रक घेतला होता. त्याच्याकडे मी मालाची चढउतार करायला लागलो. सगळे त्याला काका म्हणत, मीही म्हणायचो. साठीला आलेला, दाढी मेंदीनं रंगवलेली. तो ट्रक स्वतःच चालवायचा. एकदा चाकणहून बटाटा भरून येताना मी त्याच्याशेजारी बसलो होतो. पाय खालच्या पत्र्यावर होते. मला तळपायाला एक वेगळा ठोका लागला, मध्येच एक चुकणारा. मी त्याला म्हणालो, "काका, इंजिनात काहीतरी ठोकतंय." त्यानं कान देऊन ऐकलं आणि मान हलवली, काही नाही म्हणून. आणखी तीन मैल गेल्यावर इंजिन खडखडायला लागलं आणि त्यालाही ऐकू आलं. बेअरिंग गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्टिअरिंगवर बसवलं. माझा तळवा गियरच्या दांड्यावर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "कान से नहीं साईं, हथेली से सुन."

नदीकडच्या मोकळ्या मैदानात दोन महिने मी शिकलो. गियर कधी बदलायचा हे बाकीचे आवाजावरून ओळखतात, मी हाताला बसणाऱ्या थरथरीवरून ओळखायला लागलो. मागून येणारी गाडी हॉर्न देते आणि पुढच्यानं बाजू द्यायची, ही तेव्हाची रीत. आरशात कोणी पाहत नसे. काकांनी कॅम्पातल्या न्हाव्याकडून एक आरसा मिळवला आणि तो तारेनं डाव्या अंगाला बांधला. उजवीकडे आधीच एक होता. दर दहा मोजले की दोन्ही आरशांत बघायचं अशी मला त्यांनी सवय लावली. शिकाऊ लायसन मिळालं. अर्जात एक प्रश्न होता, वाहनांचा नेहमीचा इशारा ऐकू न येण्याइतका बहिरेपणा आहे काय. मी 'नाही' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. उजव्या कानाला हॉर्न ऐकू यायचा.

मग पक्क्या लायसनाची परीक्षा देण्यासाठी पुण्याला गेलो. मैदानात खुंट्या रोवल्या होत्या. त्यांच्यामधून ट्रक उलटा घेऊन दाखवला, हाताचे इशारे करून दाखवले. साहेब तरुण होता. तो वहीत खुणा करत होता आणि चेहऱ्यावरून खूश दिसत होता. तेवढ्यात फाटकातून ठेकेदार आत आला. त्याचा नवा ट्रक पासिंगला आला होता. त्यानं मला पाहिलं, थांबला, आणि सरळ साहेबाजवळ गेला. तो माझ्या डाव्या बाजूला उभा होता, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. पण एव्हाना मला ओठ वाचायची सवय झाली होती. तो हसत हसत म्हणाला, "साहेब, हा आमच्या खाणीवरचा. जन्माचा बहिरा आहे. माझ्याकडे कागद आहे."

साहेबानं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. त्याचं तोंड ठेकेदाराच्या हॅटमागे होतं. मी उत्तर देऊ शकलो नाही. साहेबानं वही मिटली.

ठेकेदारानं कागद खरोखरच पाठवला. पंधरा दिवसांनी मला टपालानं नकार आला, कारण बहिरेपणा. त्याला माझ्या लायसनाची एवढी भीती का, हे मला तेव्हाच समजलं. मला ऐकू येतं असं सरकारनं एकदा लिहून दिलं, की त्याच्या कागदातला जन्माचा बहिरा उघडा पडत होता.

हे समजलं तरी डोकं थाऱ्यावर राहिलं असं नाही. शिकाऊ लायसनाची मुदत अजून होती. काकांना शेजारी बसवून मी ट्रक चालवत होतो. एका सकाळी रिकामा ट्रक घेऊन आम्ही चाकणकडे निघालो होतो. भोसरी सोडली आणि पुढे मला ती सोला हॅट दिसली. ठेकेदार फटफटीवरून एकटा चालला होता. रस्ता सरळ, दोन्हीकडे बाभळी, मागेपुढे कोणी नाही.

मी हॉर्न वाजवला नाही. ॲक्सिलरेटर दाबला. मनात एकच गोष्ट होती, आणि ती मी आजही लपवणार नाही. पोलिसांनी विचारलं तर सांगायचं, मी बहिरा आहे, मला फटफटीचा आवाज आला नाही. त्यानंच तसं लिहून दिलं होतं. त्याच्या स्वतःच्या कागदावर मी सुटलो असतो.

ट्रक त्याच्या मागे तीस-चाळीस फुटांवर आला तेव्हा त्यानं मान वळवली. मी पाहिलं की त्याला मी दिसलो. काचेतून आमची नजर मिळाली. त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, पण त्याखालचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं फटफटी कडेला घेतली, ती खड्ड्यात गेली, तो उतारावर घसरत गेला आणि बाभळीच्या काट्यांत पडला. मी ब्रेक मारला. ट्रक त्याला ओलांडून पुढे जाऊन उभा राहिला. आरशात तो उठून पॅन्ट झटकताना दिसला.

काकांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. मग माझ्या बाजूला वळले, मला ओठ दिसतील असे, आणि म्हणाले, "मार देता तो वो जीत जाता."

मला लगेच कळलं नाही. संध्याकाळी नदीवर ट्रक धुताना कळलं. मी त्याला उडवला असता तर सगळ्या मुलखानं म्हटलं असतं, बहिऱ्याच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं. त्याचा कागद खरा ठरला असता आणि मी न केलेली सही त्याच्या रक्तानं झाली असती. मला तो मेलेला नको होता. मला तो सरकारी टेबलासमोर उभा राहून खोटा ठरलेला पाहायचा होता.

तेव्हापासून मी शांत झालो. बायको म्हणाली, "राग गेला का?" मी म्हणालो, "नाही, कामाला लागला."

आधी मी पुण्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ होते, चिडके. त्यांनी कानात नळी घालून पाहिलं, धातूचा चिमटा वाजवून कपाळावर टेकवला, घड्याळ कानाशी धरलं, मग माझ्यामागे वेगवेगळ्या अंतरावर उभे राहून आकडे बोलले. शेवटी समोर बसून सावकाश म्हणाले, "डावा गेला. उजवा अर्धा आहे. मी आहे तेवढंच लिहीन, एक शब्द जास्त लिहिणार नाही."

मी म्हणालो, "जास्त नकोच आहे. फक्त जन्माचा आहे की नंतरचा, तेवढं लिहा."

त्यांनी पुन्हा कानात पाहिलं. म्हणाले, "पडदा फाटून जुळलेला दिसतो. जन्मापासून बहिरा असलेल्याचा असा नसतो. हे मी लिहीन."

मग आमच्या शाळेत गेलो. गुरुजी बदलले होते, पण दप्तर होतं. श्रुतलेखनात मला वर्गात पहिला नंबर होता. नवे गुरुजी तो उतारा लिहून देताना हसले. म्हणाले, "बहिऱ्या मुलाला श्रुतलेखनात पहिला नंबर मिळवून देणारी शाळा आमचीच." त्यांनी शिक्का जरा जोरात मारला.

हे सगळं जोडून मी वरच्या साहेबाकडे फेरपरीक्षेचा अर्ज केला. अर्जाला उत्तर यायला पावसाळा गेला. बोलावणं आलं तेव्हा हा साहेब वयस्क निघाला, कमी बोलणारा. त्यानं आधी मला कचेरीबाहेर रस्त्याकडे पाठ करून उभं केलं आणि सांगितलं, "मागे गाडी आहे, ती लांब लांब जात राहील. हॉर्न ऐकला की हात वर करायचा."

मी उभा राहिलो. समोर एक पानवाला बसला होता, त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. हॉर्न झाला की तो दचकणार, त्याच्याकडे बघून मी हात वर करू शकलो असतो. मी डोळे मिटले. हे लायसन मला खरं पाहिजे होतं. ते पुराव्याला लावायचं होतं.

किती वेळ गेला ते माहीत नाही. आधी काहीच झालं नाही. मी बेचैन झालो, वाटलं हॉर्न होऊन गेला. मग उजवीकडून, दुरून, एक अस्पष्ट भोंगा आला. मी हात वर केला. पुन्हा शांतता. पुन्हा एक, त्याहून लांब. मी हात वर केला. असं बऱ्याच वेळा झालं. डोळे उघडले तेव्हा साहेब समोर उभा होता आणि म्हणत होता, "एक चुकला. फार लांबचा होता, माझ्या शिपायालाही ऐकू आला नाही."

मग गाडी. तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला, म्हणजे मेलेल्या कानाकडे. मी इंजिन चालू करायच्या आधीच म्हणालो, "साहेब, डावीकडून बोललेलं मला ऐकू येत नाही. हातानं दाखवा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी स्वतःच्या हातानं गळा कापून घेतला. पण त्यानं हात पुढे केला आणि बोटानं सरळ जायची खूण केली. पेठांतून टांगे, सायकली, हातगाड्या, एका वळणावर म्हशींचा कळप, सगळ्यातून मी ट्रक नेला. मागून एक बस हॉर्न देत आली. ती मला उजव्या आरशात आधी दिसली आणि उजव्या कानाला मग ऐकू आली. मी बाजू दिली. परत आल्यावर साहेब खाली उतरला, ट्रकला फेरी मारून माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "ओलांडणारा उजवीकडूनच येतो. तुझा चांगला कान खिडकीकडे आहे. डावा गेला ते तुझं नशीब म्हणायचं."

ते नशीब माझं मलाच माहीत. पण लायसन मिळालं. छोटं पुस्तक, आत माझा फोटो, आणि एका पानावर शाईनं शेरा: डाव्या बाजूस आरसा असणे सक्तीचे. न्हाव्याचा आरसा सरकारी कागदावर आला. घरी आईनं ते देवापुढे ठेवलं. मी तासाभरानं उचलून खिशात घातलं, कारण त्याचं काम अजून झालं नव्हतं.

आता एकच माणूस उरला होता, मुकादम. सोलापूरकडचा, भोसरीला खोपट बांधून राहायचा. त्या कागदावर तीन शिट्ट्या वाजवल्याची सही त्याची होती. मी एका रविवारी त्याच्या दारात गेलो आणि समोरच्या दगडावर बसलो. तो बाहेर आला, मला पाहून आत गेला. दुपारी मी उठून आलो. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बसलो. त्याची बायको चूल पेटवताना माझ्याकडे बघायची. तिसऱ्या रविवारी तिनं मला पाणी आणून दिलं. मी प्यालो आणि बसून राहिलो.

पाचव्या रविवारी तो येऊन माझ्या पुढ्यात उकिडवा बसला. "मला काय करायचं ते करून टाक बाबा," तो म्हणाला. "असं बसू नको. जेवण जात न्हाई."

"शिट्टी वाजली होती का?"

"शेठ म्हणले, येळ न्हाई. सायेब यायलेत. लाव बत्ती."

"हे सरकारी कचेरीत सांगशील?"

"माझं काम जाईल. दोन लेकरं हायत."

मी त्याला जे सांगितलं ते मी आधीच घोकून ठेवलं होतं. म्हणालो, "मुकादम, कागदावर सही तुझी आहे. शेठ म्हणेल, मुकादम म्हणाला शिट्टी वाजवली, मी विश्वास ठेवला. मग काम जाणार नाही, तू जाशील. बेड्या घालून." असं होतं की नाही मला माहीत नव्हतं. त्याला भीती घालायची होती आणि ती त्याला बसली. माझ्यासारख्याच एका गरीब माणसाला मी कोपऱ्यात धरून दाबलं. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

मग मी तक्रारीचा अर्ज दिला आणि कामगार खात्याच्या कचेरीत आम्हाला बोलावणं आलं. लांब टेबल होतं. अधिकारी चष्मा पुसत बसले होते आणि त्यांच्या शेजारी बांधकामावरचे ते इंजिनियर होते. ठेकेदार आला, हॅट काढली, सगळ्यांना हसून नमस्कार केला, मलाही. मी अशी खुर्ची निवडली की सगळे माझ्या उजवीकडे येतील आणि त्याचं तोंड मला समोर दिसेल.

मी कागद एकेक करून ठेवले. शाळेचा उतारा, डॉक्टरांचा दाखला, आणि शेवटी लायसन. अधिकाऱ्यांनी त्यांच्या फायलीतून ठेकेदाराचा कागद काढला आणि चारही शेजारी शेजारी लावले. मग विचारलं, "हा मजूर जन्मापासून बहिरा होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ठेकेदार म्हणाला, "मजुरांत बोललं जायचं."

"श्रुतलेखनात पहिला आहे."

"साहेब, कागद काय, कसेही मिळतात."

"हे लायसनही?"

तो हसला. "तेही मिळतं, साहेब."

इंजिनियरांनी पहिल्यांदा मान वर केली. सरकारी माणसापुढे सरकारी शिक्क्याबद्दल असं बोलायला नको होतं. अधिकारी मुकादमाकडे वळले. मुकादम टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा होता. "शिट्ट्या किती मारल्या?"

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, मग ठेकेदाराकडे. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नसावा, कारण अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, आणि ते मला कानानंच ऐकू आलं, "एक बी न्हाई."

मी ठेकेदाराच्या तोंडाकडे पाहत होतो. आधी उजवा कोपरा खाली आला, मग डावा. त्या माणसाला मी हसू नसताना पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तो साधा, थकलेला, पिवळ्या दातांचा माणूस दिसत होता. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. असा आनंद मला पुढे मुलगा झाला तेव्हाही झाला नाही. लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

त्याचं नाव ठेकेदारांच्या यादीतून काढलं. खाण दुसऱ्याला गेली. नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली. जुन्या टोळीतले सगळे एका आठवड्यात बेकार झाले, मुकादम सगळ्यांत आधी. ते मला अगोदर सुचलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. सुचलं होतं, मी त्याच्यावरून पुढे गेलो होतो. ते भोसरीहून निघाले त्या सकाळी मी ट्रक घेऊन गेलो, स्टेशनपर्यंत सोडतो म्हणालो. मुकादम गाठोडं बांधत राहिला. त्याची बायको माझ्या डाव्या बाजूला उभी होती. ती काहीतरी बोलली. मी वळून म्हणालो, "इकडून बोला, त्या कानानं ऐकू येत नाही."

ती समोर आली आणि म्हणाली, "तुमच्या एका कानापायी आमच्या चार चुली इझल्या." मग गाठोडं डोक्यावर घेऊन ती चालू लागली. ट्रकमध्ये कोणी बसलं नाही.

ठेकेदारानं चाकणला बाजारपेठेत दुकान घातलं, दोरखंड, पोती, ताडपत्री असलं. माझ्या ट्रकला दर शनिवारी चाकणच्या बाजाराची फेरी असायची. पहिल्या शनिवारी मी त्याच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. रस्ता मोकळा होता, हॉर्नची काही गरज नव्हती. तो गल्ल्यावर बसून सुतळी गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारीही. लोकांना वाटायचं, हा ड्रायव्हर बहिरा आहे, आपला हॉर्न किती वाजतो ते याला कळत नाही. ठेकेदाराला माहीत होतं. मला त्यानं एकदा वर पाहायला हवं होतं, एवढंच. वर्ष दीड वर्ष हे चाललं आणि त्यानं कधी वर पाहिलं नाही.

मग एका शनिवारी गल्ल्यावर तो नव्हता. एक बाई होती, त्याची बायको असावी. हॉर्न झाल्यावर ती पायऱ्या उतरून माझ्या खिडकीशी आली. "दादा, कोण पाहिजे तुम्हाला?" तिनं विचारलं. "दर बाजारी वाजवता. हे आत पडून असतात. छातीचं दुखणं आहे, दचकतात."

तिला मी कोण ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "कोणी नाही, बाई. रस्त्यात म्हैस होती."

पुढच्या शनिवारी मी दुकानाजवळ आलो तेव्हा हात हॉर्नवर गेलाच. थोडा वाजवला. त्याच्या पुढच्या शनिवारीही वाजवला. चौथ्या शनिवारी दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. शेजारच्या वाण्याला विचारलं, तर तो म्हणाला, माणूस गेला, बाई माहेरी गेली, दुकान विकायचं आहे, घेता का.

मी नाही म्हणालो आणि बाजारात जाऊन कांदा भरला. परतताना मोशीला शेजारी बसलेल्या काकांनी मला हलवलं आणि आरशाकडे बोट दाखवलं, आज तू बघत नाहीयेस म्हणून. खरं होतं. मी दहा मोजले आणि बघितलं. मागे एक बैलगाडी होती, फार लांब.